मास्तराचं मडकं

आमच्या गावात कोणी घाबरून तोंड वासलं, की “काऊन बे, मास्तराच्या मडक्यावानी तोंड केलं?” असं विचारतात. विचारणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना मास्तर कोण हे ठाऊक नाही आणि मडकं कोणतं तेही ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते अशी गोष्ट सांगतात, की फार वर्षांपूर्वी शाळेत एक चित्रकलेचा मास्तर होता, त्यानं अवसेच्या संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर करणीचं मडकं मांडलं, त्यापायी एक बाई तापानं फणफणली, तिची दुभती म्हैस आटली आणि मास्तराला गाव सोडावं लागलं. सांगणारा शेवटी हसतो. करणीबिरणीवर आता कोणाचा विश्वास नाही, निदान तसं म्हणायची पद्धत आहे. पण गोष्ट टिकली आणि गोष्टीतला मास्तरही टिकला. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, मी ती कितीदा तरी ऐकली आणि दर वेळी खाली मान घालून कपातला चहा संपवला. बाकीच्या आठवणी लिहिल्या नाही लिहिल्या तरी कोणाचं काही अडणार नाही, पण हे प्रकरण लिहायलाच हवं. ते मडकं मास्तराचं नव्हतं.

तायडे सर आमच्या ओसरीच्या टोकाच्या खोलीत भाड्यानं राहायला आले तेव्हा मी नववीत होतो. त्या खोलीत आधी सरकीची पोती आणि मोडका वखर पडलेला असे. मायनं जमीन शेणानं सारवून घेतली, बाबांनी खिडकीला गज ठोकले, आणि सर एक लोखंडी पेटी, एक वळकटी आणि सुतळीनं बांधलेले चित्रकलेचे फळे घेऊन एसटीतून उतरले. ते वडनेर भोलजीकडचे. उंच, सावळे, शर्ट कायम पांढराशुभ्र आणि डाव्या बाहीवर मात्र रोज नव्या रंगाचा डाग. सर बौद्ध होते, आम्ही कुणबी. त्यामुळे खोली द्यायची की नाही यावर घरात बोलणं झालंच. बाबा म्हणाले, “मास्तर म्हंजे मास्तर. आपल्या लेकरायले शिकवते तो मानूस.”  मायनं मात्र सरांच्या चहासाठी कान तुटलेला एक कप वेगळा काढला आणि तो स्वयंपाकघरात न ठेवता ओसरीतल्या कोनाड्यात ठेवला. सगळं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहितो. सर चहा झाला की तो कप स्वतः विसळून कोनाड्यात पालथा घालत. त्यावरून त्यांनी कधी एक शब्द काढला नाही.

त्यांच्या येण्यानं घराला एक नवा आवाज मिळाला. पहाटे मायच्या रवीचा घुसळण्याचा आवाज असे, मग बाबांचं खाकरणं, गोठ्यातल्या घंटा, आणि या सगळ्यानंतर ओसरीच्या टोकाकडून काचेच्या ग्लासात ब्रश धुतल्याची किणकिण. त्या किणकिणीनं मला जाग येई. आज वयामुळे झोप आपसूकच मोडते, पण डोळे उघडायच्या आधी मी अजून क्षणभर त्या आवाजाची वाट पाहतो. शाळेत सरांचा एक नियम होता. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, नाव आणि इयत्ता लिहायची. “बिननावाचा कागद मी तपासत नसतो,” ते म्हणत. “ज्यानं काढलं त्यानं नाव टाकावं. चांगलं असो, वाईट असो.” कोणी वाईट जमलेल्या चित्रावर नाव टाकायला लाजला, तर सर कागद त्याच्यासमोर तसाच धरून उभे राहत. रागावत नसत. नुसते उभे राहत.

पोळ्याला सरांनी आमच्या जोडीची शिंगं रंगवली. दरवर्षी बाबा हिंगूळ फासून मोकळे होत. सरांनी एका शिंगावर वेल काढली आणि दुसऱ्यावर बारीक बारीक मासोळ्या. जोडी वेशीत उभी राहिली तेव्हा पाटलांच्या बैलांकडे कोणी पाहीना. बाबा त्या दिवशी इतके फुगले होते की घरी येताना कासरा मला धरायला दिला आणि स्वतः मोकळ्या हातानं चालले. रात्री पुरणपोळीचं ताट सरांना ओसरीतच, पण आमच्या पंगतीला लागून वाढलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून मायला चहाच्या वेळी जो कप हाती लागेल त्यात ती सरांना चहा देऊ लागली. कान तुटलेल्या कपात पुढं हळद राहू लागली. हे आपणहून झालं, कोणी ठरवलं नाही. मला ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, तव्यावर खरडलेला मिरचीचा ठेचा, आणि सर ठसका लागून पाणी मागताहेत, माय पदराआड हसते आहे: “मास्तर, वडनेरात मिरच्या होत नाई का जी?”

दिनकर यायचा तो याच वेळी. दिनकर म्हणजे किसनकाकांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून आणि मध्ये धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यावरून बाबा आणि किसनकाका, सख्खे चुलत भाऊ, कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. धुरा नांगराच्या तासागणिक बोटभर सरकतो असं दोघांचंही म्हणणं, फक्त कोणीकडे सरकतो यावर वाद. आम्ही मुलं मात्र त्याच धुऱ्यावर चोरून भेटायचो, आणि आमच्या घरी दिनकर बाबांसाठी येत नव्हता, सरांकडे येत होता, म्हणून ते चालायचं.

सरांच्या पेटीत एक जाडजूड पुस्तक होतं. अकोल्याच्या जुन्या बाजारात मिळालेलं, इंग्रजी, त्यात जगभरची चित्रं. कधी कधी सर ते शाळेतही नेत. एका संध्याकाळी कंदिलाची काच पुसून होताच सरांनी त्यातलं एक पान उघडलं आणि पुस्तक आमच्याकडे फिरवलं. एक पूल. पुलाचा कठडा तिरका, लांबवर गेलेला. वर आभाळ, लाल आणि पिवळं, वाहत्या पाण्यासारखं लाटालाटांचं. आणि समोर एक जण. बाई का बाप्या ते कळत नाही. डोक्यावर केस नाहीत, नाकाच्या जागी दोन टिंबं, तोंड उघडं, दोन्ही हात कानांवर.

आज ते चित्र कोणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याचं पिटुकलं पिवळं पोर आहे, गालांवर हात घेतलेलं. सोयाबीनचा भाव उतरला की आमच्या गावच्या ग्रुपवर रांगेनं तेच येतं. माझ्या नातीच्या मगवर तर ते अख्खं चित्रच आहे. ती सकाळी त्यात कॉफी पिते आणि मजेत असते. पण त्या संध्याकाळी ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कंदील जरा जवळ ओढला. पान उलटावं असं वाटलं आणि उलटू नये असंही. भूतखेत मी पाहिलेलं नव्हतं, पण त्याची भीती कशी असते ते माहीत होतं. ही भीती तशी नव्हती. ते आभाळ ओळखीचं होतं. ज्वारी निसवायच्या दिवसांत आमच्या शेतातून मावळती अशीच दिसते. म्हणजे हा मनुष्य कुठल्या परक्या जागी नव्हता, आमच्याच धुऱ्यावर उभा होता, असं मला वाटत राहिलं.

सर म्हणाले, “सांगा बरं, हा वरडून राह्यला का आयकून राह्यला?” घरी ते आमच्यासारखंच बोलत.

“वरडून राह्यला,” दिनकर म्हणाला.

“मंग कान काऊन दाबले?”

 दिनकरनं पानावर वाकून बोट ठेवलं. पुलाच्या मागच्या टोकाला दोन माणसं होती, काळ्या काड्यांसारखी. “हे दोघं कोन, सर?”

“त्याचे दोस्त असतीन.”

“ते काऊन नाई थांबले?”

“त्यायले आयकू आलं नसन,” सर म्हणाले. मग पुस्तक मिटता मिटता, सहज, “नाही तं आलं असन.”

त्या वर्षी ज्वारीवर भोरड्यांचे थवे फार आले. ढग उतरावा तशा त्या कणसांवर उतरत, आणि गोफण फिरवून हात दुखले तरी हटत नसत. आमच्याकडे एक बुजगावणं होतं, दिनकरकडे एक. दोन्ही हात पसरून उभी, दोघांच्याही डोक्यावर पाखरं बसलेली. मी म्हणालो, पाखरांना हात पसरलेलं बुजगावणं आता पाठ झालंय, आपण कान दाबलेलं करू. दोघांच्या शेतांना मिळून एक, धुऱ्यावर. दिनकर हसत हसत तयार झाला. मायनं टाकून दिलेलं एक मडकं मी घेतलं, बूड काजळलेलं. बाभळीच्या दोन वाकड्या फांद्या कोपरात मोडल्यासारख्या बांधल्या, पोत्याचा सदरा चढवला. चेहरा चुन्यानं रंगवला, डोळ्यांच्या जागी काजळी तशीच राहू दिली, लांबट तोंड उघडं सोडलं, आणि कानांवर बोटं काढली. बोटं मला जमली नाहीत. काही केल्या गाजरांसारखी दिसत होती. आभाळाला लाल रंग हवा होता. सरांच्या रंगांना हात लावायची छाती नव्हती. दिनकर त्याच्या आजोबांच्या देवळीतून तेलात कालवलेला शेंदूर घेऊन आला. तो मी मडक्याच्या कपाळावर लाटालाटांनी ओढला.

काम झाल्यावर माझा हात सवयीनं खाली उजवीकडे गेला. नाव टाकायला. मग मनात आलं, बुजगावण्यावर कोण नाव टाकतं? शिवाय बाबांनी धुऱ्यावर जायला बंदी केलेली. मी चुन्याची काडी फेकून दिली.

शेंदूर फासलेलं काळं मडकं, धुऱ्यावर, आणि हात पसरलेलेही नाहीत. बाहेरगावच्या वाचकाला यात काही वावगं वाटणार नाही. आमच्याकडच्या कोणालाही सांगा, तो विचारील, “त्या दिवशी अवस तं नोती?” होती. ध्यान नव्हतं एवढंच.

भोरड्या येतात का ते पाहायला आम्ही ज्वारीत दडून बसलो. सूर्य बुडत होता. पलीकडून सुभद्राकाकू आल्या, दिनकरची आई, म्हशीसाठी गवताचा भारा डोक्यावर घेऊन. त्या रोज त्याच वाटेनं जात. भारा डोळ्यांवर आलेला असल्यामुळे त्यांना ते जवळ पोचेपर्यंत दिसलंच नाही. मग दिसलं. भारा मागं पडला. त्यांचे हात आपोआप कानांशी गेले, तोंड उघडलं, आणि आवाजच निघेना. त्यांच्या मागं आभाळ लाल होतं. मी पुस्तकातलं पान जिवंत पाहत होतो, समोरासमोर दोन वेळा, एक चुन्याचं आणि एक माणसाचं. मला आधी हसू आलं. ते खरं आहे, म्हणून लिहितो. मग काकू गुडघ्यांवर बसल्या आणि आवाज आला. तो कसा होता ते मला लिहिता येणार नाही.

“माय,” दिनकर म्हणाला, अगदी हळू.

उठून उभं राहायला हवं होतं. “काकू, आम्ही हाओ, बुजगावनं हाये ते,” एवढं पुरे होतं. पण किसनकाकांचा चाबूक दिनकरच्या डोळ्यांपुढं होता आणि धुऱ्यावरची बंदी माझ्या. आम्ही वाकून ज्वारीतून मागं सरकलो, आमच्या बाजूच्या गाडवाटेवर निघालो, कपडे झटकले आणि गावाकडं चालू लागलो. शेजारी शेजारी. मागं पाहिलं नाही. आवाज बराच वेळ येत होता.

काकूंना रात्री ताप भरला. म्हैस त्यांच्याच हाताची होती, दुसऱ्या कोणाच्या हाताला पान्हा सोडत नसे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्या सकाळी म्हशीनं दूध दिलं नाही तेव्हा ते कोणाला आठवलं नाही. किसनकाका मडकं बांबूच्या टोकाला लटकवून, स्वतःपासून दूर धरून, मारुतीच्या पारावर घेऊन आले. माणसं जमली. बाबाही गेले. मी आणि दिनकर हापशापाशी, सगळ्यांच्या मागं.

“धुऱ्यावर कोनाचा डोळा हाये हे गावाले मालूम हाये,” किसनकाका बाबांकडं न बघता म्हणाले.

“तोंड सांभाळून बोल, किसन.”

“काय सांभाळू? घरात बाई निजली हाये माह्यी!”

बाबांच्या हातात बैल हाकायची काठी होती. ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. तेवढ्यात गर्दीतलं कोणी तरी म्हणालं, “थांबा जी. माह्या पोरानं सांगतलं, असं तोंड मास्तराच्या पुस्तकात हाये.” पारावर एक सुस्कारा फिरला. मला तो अजून ऐकू येतो. तो भीतीचा नव्हता, सुटकेचा होता. बाबांनी काठी खाली टेकवली. किसनकाकांचाही बांबू खाली आला. दोन भावांना आता एकमेकांची डोकी फोडायची गरज राहिली नव्हती.

सर शाळेला निघाले होते, त्यांना बोलावून आणलं. त्यांनी मडकं पाहिलं. वर्गात कागद पाहत तसंच, मान किंचित वाकडी करून. त्यांच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा मला वाटला.

“तुमच्या पुस्तकातलं हाये का हे?” किसनकाकांनी विचारलं.

“हो. माझ्या पुस्तकातलंच आहे.”

“मंग तुम्हीच काढलं.”

“मी काढलं नाही. हे नुसतं चित्र आहे, किसनराव. बुजगावणं आहे. यात भेव्यासारखं काही नाही.”

“कोनं काढलं मंग? नाव सांगा.”

सर क्षणभर थांबले. त्यांनी आमच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, अशी समजूत मी पुष्कळ वर्षं जपली. “चित्रावर नाव काढणाऱ्यानं टाकायचं असते,” ते म्हणाले. “दुसऱ्यानं नाही.”

मग ते उभे राहिले. आमच्यासमोर कागद धरून उभे राहत तसेच, फक्त पाठ आमच्याकडं होती.  दिनकरनं माझी बाही ओढली आणि आम्ही शाळेच्या वाटेला लागलो. ते चित्र मी जेव्हा जेव्हा पाहतो, मगवर, पुस्तकात, तेव्हा कान दाबलेल्या चेहऱ्याकडं माझं लक्ष जात नाही. मी मागच्या दोघांकडं पाहतो. लोक म्हणतात ते चित्र भेसूर आहे. त्यातलं भेसूर काय, ते त्या तोंडात नाही.

सरांना कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. तसं आमचं गाव सभ्य. त्या दुपारी बाबा आणि किसनकाका आमच्या ओसरीत बसून चहा प्याले, कित्येक वर्षांनी. माय लगबगीनं आत-बाहेर करत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. संध्याकाळी सर आले तेव्हा तिनं हळदीचा कप रिकामा करून, घासून, त्यात चहा ओतला आणि कोनाड्यात ठेवून दिला. सरांनी तो उचलला, प्याले, विसळला, पालथा घातला. आठवडाभरानं बाबा म्हणाले, “सर, लोकायचं तोंड कोन धरते? तुम्ही दुसरीकडे पाहून घ्या.” सर म्हणाले, “हाव, पाहतो.” गावात दुसरी खोली कोणी दिली नाही. त्यांनी बदली मागितली. जानेफळकडं मिळाली.

एसटीच्या थांब्यापर्यंत पेटी मी उचलली. वाटेत बोलायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. धूळ उडवत गाडी आली, सर पायरीवर चढले, वळकटी आत सारली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “रामदास, बोटं काढतांनी आधी तळहात काढत जा. मंग बोटं. नाही तं गाजरं होतात.” कंडक्टरनं घंटी मारली.

एवढंच. रागावले असते तर मी सुटलो असतो.

पुढचे दिवस आमच्या घरात चांगले गेले, आणि हे लिहिणं सगळ्यात अवघड आहे. दोन्ही भावांनी मिळून धुऱ्यावर दगड रोवले. सणाची ताटं इकडून तिकडं जाऊ लागली. हुरड्याच्या दिवसांत आगटी एकच पेटे, दोन्ही घरं तिच्याभोवती बसत, गरम दाणे तळहातावर चोळत, लसणाच्या चटणीशी खात. किसनकाका माझ्या लग्नात घरच्यासारखे राबले. ही सगळी सुखं खरी होती, मी ती पोटभर भोगली, आणि ती त्या पारावरच्या सुस्काऱ्यातून आली होती. सुभद्राकाकू लवकरच बऱ्या झाल्या, म्हैस त्यांच्या हाताला लगेच पान्हावली. एकदा तूर निवडता निवडता त्या मायला म्हणाल्या, “भेव वाटलं व मले, पन मंग मनात आलं, याचंच काही तरी दुखून राह्यलं असन बिचाऱ्याचं.” तेव्हा सरांना गाव सोडून वर्ष झालं होतं.

मोठेपणी एकदा मी जानेफळला गेलो. सर निवृत्त झालेले, केस पांढरे, बाहीवर हिरवा डाग. भिंतीवर पोरांची चित्रं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात नाव. त्यांच्या पत्नीनं मला झुणका-भाकर वाढली. आम्ही कपाशीवर बोललो, पावसावर बोललो. निघताना त्यांनी विचारलं, “दिनकर कसा हाये?” मी म्हणालो, बरा आहे. दोघांतला एक समोर उभा असताना त्यांनी दुसऱ्याचीच तेवढी चौकशी केली. मी पाया पडलो आणि गाडीत बसलो. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं.

यंदा दिवाळीनंतर गावच्या ग्रुपवर कोणी तरी ते पिवळं तोंड टाकलं आणि खाली लिहिलं, मास्तराचं मडकं. त्याखाली हसण्याची रांग. त्यात दिनकरचंही हसणं होतं. मी काठी घेतली आणि त्याच्या घरी गेलो.

“मी लिहून राह्यलो,” म्हणालो. “सगळं.”

तो पलंगावर उठून बसला. “लिह्य. पन माह्यं नाव नको टाकू बे.”

“काऊन?”

“नातू काय म्हनतीन? बुढ्यानं आपल्या मायले भेवाडलं अन् पयून गेला?”

“पयून नाई गेलो. चालत गेलो.”

“तेच तं,” तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

मी दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेलो आणि त्याला वाचून दाखवलं, एसटीच्या थांब्यापर्यंत. गाजरांवर तो हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, मग त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिला.  दोन दिवसांनी त्याचा नातू मोटारसायकलवर दारात आला, मांडीवर नवं कोरं मडकं. “आबानं धाडलं. चुना हाये का म्हने तुमच्याकडे?”

त्या नातवानं यंदा हुरड्यासाठी धुऱ्याला लागून थोडी ज्वारी पेरली आहे. बाकी सगळीकडे सोयाबीन आणि तूर. आम्ही दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो, भोवती दोन्ही घरची पोरं. शेंदूर दिनकरनंच आणला, त्याच देवळीतला. एका पोरीनं विचारलं, “हे मास्तराचं मडकं हाये का, आबा?”

“नाई,” दिनकर म्हणाला. “आमचं हाये. मास्तरानं काहीच केलं नोतं. आम्ही दोघायनं केलं अन् आम्ही दोघं चूप बसलो. अन् तुह्यी पणजी भेली. पुरं रामदासआबाच्या कागदात हाये, वाचून घेजो.”

पोरं हुरड्याकडं पळाली.

मी आधी तळहात काढले, मग बोटं. या वेळी बोटं बोटांसारखी झाली. मडक्याला कोपरा नसतो, म्हणून हनुवटीखाली उजवीकडं नाव लिहिलं, रामदास, आणि ब्रश पुढं केला.

“माह्यं काय काम?” दिनकर म्हणाला. “म्या फक्त शेंदूर आनला.”

मी ब्रश तसाच धरून राहिलो.  सरांसारखा, नुसता. शेवटी त्यानं चष्मा वर सरकवला, ब्रश घेतला आणि माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं, दिनकर. मग थांबला.

“इयत्ता?”

“तीच. नववी.”

त्यानं ती लिहिली. नातवानं मडकं बांबूवर चढवलं, आम्ही वाकड्या फांद्या कानांशी आणून बांधल्या आणि आगटीकडं वळलो. चार पावलं गेल्यावर दिनकर थांबला, म्हणून मीही थांबलो, आणि आम्ही दोघांनी मागं पाहिलं. शेंदराच्या आभाळावर एक भोरडी येऊन बसली होती. ती त्याला मुळीच भ्यायली नव्हती.